लेकराचे रडणे

बालकांना आणणाऱ्यांस शिष्यांनी दटावले, तेव्हा प्रभू रागावला तो शिष्यांवर (मार्क 10:14). आम्हीही दटावणारेच. हात मोडलेले लेकरू अपघात विभागात आक्रोश करते आणि आम्ही म्हणतो, "गप्प! शूर मुले रडत नाहीत."

1980 च्या दशकापर्यंत पुष्कळ डॉक्टरही तान्ह्यांना वेदना फारशा कळत नाहीत असेच मानीत. पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. 1987 साली डॉ. कंवलजीत आनंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा समज खोडून काढला. आता मोडक्या हातास आधी फळी बांधतात, वेदनाशामक नाकातही फवारता येते, सुई टोचण्याआधी तान्ह्याच्या जिभेवर साखरपाण्याचे थेंब सोडतात. आईचे जवळ असणे हाही उपचारच. तरी मुलाला नीट सांगता येत नाही म्हणून औषध राहून जाते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, वर्गातले मूल पडले तर बरोबर जा, आणि डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "याच्या दुखण्यावर काही दिले का?"