खाटेचे एक टोक

कफर्णहूमात पक्षघाती मनुष्यास चौघांनी खाटेसह उचलून प्रभूपाशी आणिले. रेट नामक विकाराने पीडित लेकरासही असेच हात हवेत. बहुधा मुलींसच होणारा हा विकार व्हिएन्नाचे डॉक्टर आंद्रेआस रेट यांनी १९६६ साली वर्णिला. १९९९ साली त्याचे मूळ एका जनुकात सापडले. तो दोष बहुतेक वेळा आपोआप उद्भवतो. म्हणून हे आईच्या पापाचे फळ, असे बोलणे आम्हांस शोभत नाही. आरंभी मूल नीट वाढतेसे दिसते. मग हातांचे कौशल्य, कधी चालणेही, गमावते. व्यायामोपचाराने रोग जात नाही. परंतु जाणत्याच्या सल्ल्याने रोज सांधे हळुवार हलविले, आधाराने उभे केले, तर अवयव आखडण्यास आळा बसतो. हा नित्याचा भार एकट्या आईने किती वाहावा? आम्ही प्रार्थना करितो. तर खाटेचे एक टोकही आम्हीच उचलावे.