आकाशात आणखी कोणी आहे काय?



गेल्या माघात औंढा नागनाथच्या अंगाला एका गावी सप्ताहात माझी कीर्तनसेवा होती. सेवा आटोपली, आरती झाली, मंडळी पारावर बसली. तेवढ्यात कॉलेजात शिकणारा एक मुलगा पाया पडून म्हणाला, "महाराज, एक विचारू का? इथं दुधाळ्याला ते मोठं यंत्र होणार आहे ना, त्यातनं वरच्या लोकांचा आवाज ऐकू येणार म्हणतात. खरंच वर आपल्यासारखं कोणी आहे का?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "बाळा, आपला देव अनंतकोटी ब्रह्मांडांचा नायक. इतक्या ब्रह्मांडांत माणसे नसतील असे होईल काय? असणारच!" मंडळी खूष झाली. एका म्हाताऱ्याने "वा महाराज" म्हटले. पण रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा झोप येईना. लहानपणी पाठशाळेत तर्कसंग्रह घोकला होता. असले उत्तर तिथे दिले असते, तर गुरुजींनी कान उपटला असता. मुलाने खरे काय ते विचारले होते, आणि मी टाळ्यांचे उत्तर दिले होते. ती चूक दुरुस्त करावी म्हणून हा लेख.

प्रथम त्या यंत्राविषयी. लायगो-इंडिया हे त्याचे नाव. केंद्र सरकारने 2016 साली त्यास तत्त्वतः संमती दिली आणि 2023 च्या एप्रिलमध्ये 2600 कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. काटकोनात दोन लांब नळ्या, प्रत्येक 4 किलोमीटरची. अवकाशात प्रचंड उलथापालथ झाली की तिच्या लहरी पसरतात, आणि त्यांनी नळीच्या लांबीत जो अतिसूक्ष्म फरक पडतो तो लेसरच्या प्रकाशाने मोजायचा. अमेरिकेतील अशाच दोन यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली लहर टिपली. दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली, त्या घटनेची लहर सुमारे 130 कोटी वर्षे प्रवास करून इथवर आली होती. तेव्हा हे यंत्र कोणाचे बोलणे ऐकण्यासाठी नाही. गावोगाव जी वदंता आहे ती खोटी, आणि मी ती पारावर खोडली नाही, ही माझी पहिली चूक.

आता मूळ प्रश्न. पूर्वपक्ष असा की, आपल्या एका आकाशगंगेतच शंभर अब्जांहून अधिक तारे आहेत. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह 1995 साली प्रथम सापडला. आज असल्या परक्या ग्रहांची संख्या 6000 च्या वर गेली आहे. मग इतक्या घरांतून एकाही घरी चूल पेटली नसेल काय? मोठमोठे विद्वान असे म्हणतात, आणि हे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही.

परंतु न्यायशास्त्र काय सांगते ते पाहा. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असे आपण म्हणतो. का? तर स्वयंपाकघरात, भट्टीत, शेकोटीत, शंभर ठिकाणी धूर आणि अग्नी आपण एकत्र पाहिलेले असतात. या वारंवार पाहण्यावरून व्याप्ती ठरते, आणि व्याप्तीवरून अनुमान. आता सांगा, जिथे ग्रह, पाणी आणि ऊब आहे तिथे विचार करणारा जीव निपजतो, हे आपण किती ठिकाणी पाहिले? एकाच. ही आपली पृथ्वी. एका चुलीवरून साऱ्या जगाच्या चुली कशा सांगाव्या? त्यातही इथे जीवसृष्टी उपजून साडेतीन अब्ज वर्षांच्या वर झाली, आणि शास्त्र मांडणारा माणूस अगदी काल-परवाचा. म्हणजे जीव असणे निराळे आणि बुद्धिवंत जीव असणे निराळे.

"पण महाराज, ब्रह्मांडे अनंत असल्याचे आपल्या ग्रंथांत आहेच ना?" आहे. परंतु ते वचन परमात्म्याची थोरवी सांगण्यासाठी आहे; ती काही वरच्या लोकांची शिरगणती नव्हे. ज्या वाक्याचे तात्पर्य एक आहे त्याच्यावर दुसऱ्याच गोष्टीचे ओझे लादणे, ही ग्रंथाची सेवा नव्हे. ही माझी दुसरी चूक.

बोलावे कसे, याचा धडा आपल्याच महाराष्ट्राच्या एका थोर पुरुषाच्या कामात मिळतो. कै. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादेहून मोठे फुगे सोडून 41 किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणविली. 2005 च्या फुग्याने आणलेल्या हवेत सूक्ष्मजंतूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे 2009 साली जाहीर झाले. एकीला आर्यभटाचे नाव दिले. बाहेरून जीव येतात, असे मानण्याकडे नारळीकरांचा कल होता. तरी जाहीर काय केले? हे जंतू पृथ्वीबाहेरचेच आहेत असे यावरून सिद्ध होत नाही. शोध पुढे चालू ठेवावा इतकेच. मनात कल असूनही जिभेला लगाम घालणे याला मी तप म्हणतो. आम्हा कीर्तनकारांना ते साधले तर किती बरे होईल!

अंधुक उजेडात दूर काही उभे दिसते. तो खांब की माणूस, हे संशयाचे जुने उदाहरण. इथे तर अजून तेवढी आकृतीही दिसलेली नाही. 1960 साली फ्रँक ड्रेक या अमेरिकन ज्योतिर्विदाने रेडिओ दुर्बीण दोन जवळच्या ताऱ्यांकडे लावून कान दिला. काही ऐकू आले नाही. तेव्हापासून अनेकांनी अनेक परींनी ऐकले. निश्चित खूण कोणाची मिळाली नाही.

पुढल्या वर्षी, 1961 साली, याच ड्रेकने बोलक्या समाजांची संख्या अजमावण्यासाठी सात गोष्टींचा गुणाकार मांडला. तारे किती उपजतात, किती ताऱ्यांना ग्रह असतात, असे करत करत शेवटची गोष्ट ही की, असा समाज किती काळ टिकतो? वाचकहो, इथे मी थबकलो. पहिल्या गोष्टी दुर्बिणीच्या आहेत. ही शेवटची आचरणाची आहे. एका शेतातला कंदील सांजेला लागून लगेच विझला आणि दुसऱ्या शेतातला पहाटे लागला, तर दोघांनाही वाटणार की आपण एकटेच. जे लवकर विझतात त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही.

आणि विझायचे कारण बाहेरूनच आले पाहिजे असे नाही. 1950 साली एन्रिको फर्मी या शास्त्रज्ञाने जेवता जेवता विचारले की, मग सगळे आहेत तरी कुठे? याच फर्मीने 1942 साली पहिली अणुभट्टी चालवून दाखविली होती, आणि तीन वर्षांनी हिरोशिमा जळाले. भस्मासुराची कथा आपण ऐकतो आणि हसतो. त्याला बुद्धी नव्हती काय? तप करून वर मिळविण्याइतकी बुद्धी होती. विवेक नव्हता. हात कोणाच्या डोक्यावर ठेवू नये, हे त्याला कळले नाही. वर मिळविणारे सगळेच जर अखेर आपल्याच डोक्यावर हात ठेवीत असतील, तर आकाश रिकामेच राहायचे.

काही भाविकांना भीती वाटते की, वर दुसरे लोक निघाले तर मनुष्यजन्माची थोरवी काय राहिली? औंढ्याचीच गोष्ट आठवा. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवराय रागावले. विसोबा म्हणाले, देव नसेल तिथे माझे पाय ठेव. नामदेवांनी जिथे पाय ठेवावे तिथे पिंड! ज्याला ही गोष्ट कळली त्याला दूरच्या ताऱ्यावरच्या जिवाचे भय का वाटावे? तो निघाला तर तोही त्याच घरचा. दुसरे मूल झाले म्हणून आईची माया अर्धी होत नाही. आणि कोणीच निघाले नाही तर? मग इतक्या मोठ्या वाड्यात समई एकच, आणि ती आपल्या हाती. तिला जपण्याची जोखीम थोरलीच.

तर मुला, पारावरचे माझे उत्तर मी परत घेतो. वर कोणी आहे की नाही, हे आज कोणाला ठाऊक नाही. असावे असे मानायला जागा आहे, आहे असे म्हणायला प्रमाण नाही. ते यंत्र 2030 च्या सुमारास पुरे करायचे योजिले आहे. तू शिकून तिथे कामाला लागलास तर मला फार आनंद होईल. तिथे जे ऐकू येईल तेवढेच सांग. माझ्यासारखे पदरचे घालू नकोस.

रामकृष्णहरी.