दान कीं हक्क?

कात्रजच्या तलावाचें पाणी पेशव्यांच्या पुण्यांत आलें तें एका धन्याच्या इच्छेनें. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेबांनीं तलाव बांधविला, जमिनीखालून नळ घातला, जागोजाग उसासे ठेविले, आणि केवळ उताराच्या बळावर तें पाणी शहरांतील हौदांत पडूं लागलें. कामाच्या चोखपणाविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्याच्या कृपेनें पाणी मिळतें, त्याला ‘अमक्यास तें कां मिळत नाहीं?’ असें विचारतां येतें काय?

येत नाहीं, आणि दान व हक्क यांतील सारा भेद आम्हांस येथेंच दिसतो. दाता भला कीं बुरा, हा मुद्दाच नव्हे. दान न मिळाल्यास मनुष्य हळहळतो. हक्क नाकारल्यास तो जाब मागतो. ह्याच पुण्यांत १८६८ सालीं जोतीराव फुल्यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला. कृत्य थोर खरें, पण हौद त्यांचा स्वतःचा होता. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं मान्य केला, महाडच्या नगरपालिकेनेंही तो उचलून धरिला, आणि तरी चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरण्यास १९२७ चा मार्च उजाडावा लागला. तोंवर ठराव दप्तरांत होता आणि पाणी तळ्यांत होतें.

आज ही आठवण काढण्यास कारण आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, प्रौढ व्यक्तींचा संमतीचा समलिंगी संबंध गुन्हा नव्हे, असा निर्णय दिला. तुरुंगाची भीति गेली, हें लहान नव्हे. परंतु शिक्षा न होणें म्हणजे समता काय? समजा, कात्रजला दोन स्त्रिया वीस वर्षें एका बिऱ्हाडांत नांदल्या आणि एकीस दुखणें आलें. दवाखान्याच्या कागदावर ‘जवळचें माणूस’ म्हणून दुसरीनें सही करावयाची कीं गांवाकडच्या पुतण्याची वाट पाहावयाची?

१७ ऑक्टोबर २०२३ रोजीं त्याच न्यायालयानें समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाहीं. तो विषय कायदेमंडळाचा ठरला, आणि समिति नेमण्याचें सरकारचें आश्वासन तेवढें नोंदविलें गेलें. पुढें २०२४ सालीं शिधापत्रिका व बँकेंतील संयुक्त खातें यांबाबत अडचण नाहीं, असे खुलासे निघाले. आम्हांस ते स्वागतार्ह वाटतात. पण जो खुलासा एका कागदानें मिळतो तो दुसऱ्या कागदानें परतही घेतां येतो. अमेरिकेंत २०१५ सालीं न्यायालयानें हा विवाहाचा हक्क मान्य केला होता. तरी गर्भपाताचा हक्क २०२२ सालीं त्याच न्यायालयानें काढून घेतलेला पाहून तेथील काँग्रेसनें त्याच वर्षीं विवाहांच्या रक्षणार्थ स्वतंत्र कायदा केला. त्यांनीं तरी निकालावर विसंबून राहणें शहाणपणाचें मानलें नाहीं.

‘समाजाची तयारी नाहीं,’ असें कोणी म्हणेल. महाडासही हेंच म्हटलें गेलें असेल. अधिक अवघड आक्षेप दुसरा आहे: कायदेमंडळ बहुमतानें निवडलें जातें, आणि ही मंडळी तर थोडीं, मग प्रतिनिधीनें त्यांस उत्तर कां द्यावें? परंतु मतें मोजून ज्यास उत्तर द्यावयाचें तेवढ्यासच जो उत्तर देतो, तो प्रतिनिधि नसून जुना धनीच आहे. फक्त त्याची निवड आतां पांच वर्षांनीं होते.