अंतर

सालेकसा हें गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोंकाचें गांव. मुंबई–हावडा लोहमार्गावर महाराष्ट्र संपतां संपतां हें स्टेशन लागतें. पुढें दरेकसा, आणि मग डोंगर ओलांडून छत्तीसगड. येथें आमचे एक वृद्ध स्नेही राहतात. शाळेंतील नोकरी संपल्यावर त्यांनीं धानाची थोडी शेती आणि पुष्कळसा एकांत पत्करला आहे. दिवाळीनंतर ह्या भागांत गांवोगांव मंडई भरते, आणि त्या निमित्तानें लेकीबाळींस व पाहुण्यांस आवर्जून बोलावण्याची चाल आहे. एके वर्षीं तसें बोलावणें आम्हांसही आलें.

सायंकाळीं छपरींत बसलों असतां ते म्हणाले, “भाऊ, एक गोष्ट मनांत आहे. तुम्हांला विचारीन म्हणत होतों.” नेमका त्याच क्षणीं आमच्या खिशांतील मोबाईल थरथरला. “एक मिनिट हं,” असें म्हणून आम्हीं तो काढला. निरोप क्षुल्लक होता. उत्तर त्याहून क्षुल्लक दिलें. आणि पाठोपाठ आलेल्या आणखी तीन-चार निरोपांवरून नजर फिरविली. मान वर केली तेव्हां ते धानाच्या भावाविषयीं बोलूं लागले होते. ती मनांतली गोष्ट कोणती, हें आम्हांस दोन महिन्यांनीं तिऱ्हाइताकडून कळलें. थोरल्या मुलानें वेगळें व्हावयाचें ठरवून जमिनीची वांटणी मागितली होती, आणि घर कसें राखावें हें त्यांस कोणाला तरी विचारावयाचें होतें. कळलें तोंवर वांटणी होऊन गेली होती.

ह्यांत आमचा अपराध कोणता, हा प्रश्न तेव्हांपासून आमचा पिच्छा सोडीत नाहीं. आम्ही खोटें बोललों नाहीं, कठोर शब्द उच्चारला नाहीं, कोणाचें कांहीं हिरावून घेतलें नाहीं. नीतिशास्त्राच्या ग्रंथांत अपराधांच्या ज्या याद्या असतात त्यांत ‘एक मिनिट’ म्हणणें कोठेंच सांपडावयाचें नाहीं. आमच्या सल्ल्यानें वांटणी टळली असती, असाही आमचा दावा नाहीं. बहुधा ती टळली नसतीच. तरीही एका माणसानें मोठ्या संकोचानें मनाचें दार किलकिलें केलें, आणि तें आमच्यासमोर, पण आमच्या नकळत, लागलें. आपल्या भाषेंत ‘अंतर’ म्हणजे दोन ठिकाणांमधील लांबी आणि ‘अंतर’ म्हणजेच अंतःकरण. शिवाय ‘अंतर देणें’ म्हणजे ज्यानें भरवसा ठेवला त्यास ऐन वेळीं सोडून देणें. खिशांतील यंत्रानें लांबी पार नाहींशी केली आहे. पण त्या सायंकाळीं दोन हातांवर बसून आम्हीं आमच्या स्नेह्यांस अंतर दिलें, असेंच म्हणावें लागतें.

सांगली जिल्ह्यांत मोहित्यांचें वडगांव म्हणून एक खेडें आहे. तेथें १५ ऑगस्ट २०२२ पासून असा नियम झाला कीं, सायंकाळीं ७ वाजतां भोंगा वाजला कीं घरोघर मोबाईल व टीव्ही बंद करावयाचे, आणि ८॥ पर्यंत वाचावें, लिहावें, एकमेकांशीं बोलावें. करोनाच्या काळांत अभ्यासासाठीं मुलांच्या हातीं आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेना, हें त्याचें मूळ. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत यवतमाळ जिल्ह्यांतील बान्सी गांवच्या ग्रामसभेनें अठरा वर्षांखालील मुलांस मोबाईल-बंदीचा ठराव केला. दोहोंत आम्हांस वडगांवचा नियम अधिक पसंत आहे. मुलाच्या हातून काढून घ्यावयाचें आणि आपण मात्र मान खालीं घालून बोट फिरवीत बसावयाचें, हा न्याय मुलांस पटणें कठीण.

भोंग्यानें कां कधीं मनें जुळतात, असें कोणी विचारील. आम्हींही प्रथम तसेंच म्हटलें होतें. परंतु धानाच्या बांधीला धुरा घालणारा शेतकरी कांहीं पाऊस पाडीत नाहीं. पडलेलें पाणी वाहून जाऊं नये, एवढीच त्याची खटपट. ज्याचा स्वतःच्या हातावर ताबा नाहीं त्यानें गांवाच्या नियमाचा आधार घेतला तर त्यांत कमीपणा कसला? एकादशी तरी पुष्कळजण एकट्याच्या बळावर थोडीच पाळतात!

माघी पौर्णिमेच्या सुमारास आम्ही पुन्हां सालेकसा येथें गेलों. ते कचारगडच्या यात्रेचे दिवस होते. गोंड समाजाचें हें मोठें श्रद्धास्थान; अनेक राज्यांतून माणसें येतात. यात्रेचीं चित्रें घरबसल्या पाहतां येतात, तरी मुलें खांद्यावर घेऊन लोक डोंगराकडे चाललेच होते.

स्नेह्यांच्या शेजारीं एक वृद्धा राहते. तिला आम्हीं मोठ्या उत्साहानें वडगांवची हकीकत सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, “पोरगी माझी हैदराबादेत कामाला हाय जी. सात वाजतांच तिला फुरसत भेटते. तेव्हां भोंगा वाजला तर मी बोलूं कधीं?” आम्हांजवळ उत्तर नव्हतें. थोड्या वेळानें तिचा मोबाईल वाजला. तिनें चुलीवरचें भांडें उतरविलें, हात पदरास पुसले, पाट घेतला आणि भिंतीस टेकून बसली. “जेवलीस का?” एवढें विचारून ती ऐकत राहिली. मध्यें दारांत कोणी आलें, त्यास तिनें हातानेंच बसावयास खुणाविलें. दहा मिनिटें त्या बाईस दुसरें जग नव्हतें. वडगांवचा नियम तिच्यापुरता आम्हीं मनांतल्या मनांत मागें घेतला.

जेवणानंतर छपरींत बसलों. आमचा मोबाईल आंत पिशवींत होता. स्नेही बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. आम्हींही विषय काढला नाहीं. एक मालगाडी दरेकशाच्या दिशेनें गेली. तिचा आवाज विरेपर्यंत ते थांबले आणि मग म्हणाले, “उद्यां किती वाजतांची गाडी तुमची, भाऊ?”

उद्यां जात नाहीं, असें आम्हीं सांगितलें. त्यांनीं पानाचा डबा पुढें ओढला.