ओरखडे

दिवाळी जवळ आली की घरोघर जुन्याला नवे करण्याची धांदल उडते. भिंतींना रंग, पितळेच्या भांड्यांना चिंच, खुर्च्यांना पॉलिश! यंदा आमच्या घरात मात्र एक इसम नव्याला जुने करीत बसला होता. हा इसम म्हणजे माझा पुतण्या. दूरनियंत्रणावर उडणारे एक 'स्पिटफायर' त्याने बाल्सा लाकडाचे बांधले होते. १९४० साली ब्रिटनच्या आकाशात लढलेल्या विमानांची ती छोटी प्रतिकृती.

आधी रुपेरी रंग, त्यावर पाण्याचा हात, त्यावर स्वयंपाकघरातून पळविलेले मीठ. ते वाळल्यावर वरून हिरवा आणि मातकट रंग. मग मीठ घासून काढताच जागोजागी टवके उडून खालची 'धातू' चमकू लागली. जखमेवर मीठ चोळतात हे ठाऊक होते. मिठातून जखम निघालेली प्रथमच पाहिली!

"थोडा गंजही दाखव की," मी शहाणपणाने सुचविले.

"काका, ॲल्युमिनियमच्या पत्र्याला तांबडा गंज कुठला चढायला?"

मग त्याने मला धडाच दिला. डाव्या पंखाचा रंग मुळाशी झिजलेला, कारण वैमानिकाच्या बैठकीचे दार डाव्या अंगाला. तो तिथूनच चढे. मशीनगनांची तोंडे कापडी पट्ट्यांनी बंद करीत, म्हणजे ओल शिरून उंचावर गोठू नये. पहिल्याच गोळ्यांनी त्या फाटत. परतलेल्या विमानाच्या फाटक्या पट्ट्या पाहूनच जमिनीवरच्या माणसांना कळे, की आज चकमक झाली.

मनाला जरा बोचले. जुलै ते ऑक्टोबर १९४० मधल्या त्या लढाईत ब्रिटनच्या बाजूने सुमारे ३,००० विमानयोद्धे उडाले. त्यांतले ५४४ मारले गेले. त्यांच्या मरणाचा आपण असा शृंगार करावा काय? पण मग वाटले, ज्याला प्रत्येक डागाचे कारण ठाऊक आहे, त्याच्या हातून तो डाग नुसता शृंगार राहत नाही. त्या पंखावर कुणा जिवंत माणसाने पाय ठेवला होता, याची ती आठवण होते.

एवढ्यावर माझे समाधान झालेही असते. पण रविवारी विमान उडाले, उतरताना कलले आणि पंख खडीवर घासून लांबलचक ओरखडा पडला. संध्याकाळी पाहतो तो स्वारी लांबी भरून तो ओरखडा बुजवीत बसलेली!

"अरे, खोटे ओरखडे एवढ्या हौसेने काढलेस आणि खरा मिळाला तो बुजवतोस?"

मान वर न करता तो म्हणाला, "ते त्यांच्या शौर्याचे होते, काका. हा माझ्या चुकीचा आहे."

मी हसलो, पण ते हसू टिकले नाही. आजोबांच्या पाठीवरचा १९४२ सालचा लाठीचा वण मी आल्यागेल्याला किती अभिमानाने वर्णन करून सांगतो! पण कचेरीत एका निरपराध सहकाऱ्यावर ठपका आला, खरे काय ते मला ठाऊक होते आणि मी खाली मान घालून फायली चाळीत राहिलो, हे मी आजवर घरातही बोललो नव्हतो. दुसऱ्याचे वण आपण मिरवतो. आपल्यावर मात्र दर वर्षी नवा रंग चढवतो.

तो सहकारी आता हयात नाही. त्याची क्षमा मागण्याची वेळ निघून गेली. निदान हा एक ओरखडा यंदाच्या रंगकामातून वगळून तुमच्यापुढे उघडा ठेवीत आहे.