‘घरकुल’ कुणी म्हणायचं?

स्पॅनिशमध्ये ‘कासा’ म्हणजे घर आणि ‘कासिता’ म्हणजे छोटंसं घर. पण अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या घरविक्रीच्या जाहिरातींत ‘कासिता’ म्हणजे बंगल्याच्या आवारातलं पाहुण्यांसाठीचं वेगळं घर. तिथे हा लघुत्वाचा शब्द श्रीमंतीची खूण झाला आहे.

आपल्याकडे याचं भावंड ‘घरकुल’. घराला ‘कुल’ जोडलं की ते लहान होतं आणि लाडकंही होतं. म्हणूनच दुमजली बंगल्याच्या फाटकावरही ‘घरकुल’ अशी पाटी दिसते. मालकाला हा विनय परवडतो, कारण वाचणाऱ्याला समोर बंगला दिसतच असतो.

हाच शब्द सरकारी कागदावर येतो तेव्हा मात्र मोजमाप होतो. रमाई आवास असो की शबरी आवास, योजनेच्या नावात घरकुल आहेच. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण पंतप्रधान आवास योजनेतही घराचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट ठरलं. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या चिखलीतल्या प्रकल्पात बहुमजली इमारती आहेत, तरी नाव घरकुलच. इकडे जांबे, मारुंजी, हिंजवडी या पट्ट्यात माझ्यासारखे इंजिनिअर वीस वर्षांचं कर्ज काढून वन बीएचके घेतात. तोही काही वाडा नसतो, पण माहितीपत्रकात त्याला कुणी घरकुल म्हणत नाही. तिथे ‘प्रीमियम’ लिहितात.

म्हणजे हा शब्द फक्त आकार सांगत नाही. आपल्या वस्तूला लहान म्हटलं तर ती माया असते. दुसऱ्याच्या वस्तूला, तीही आपण देत असताना, लहान म्हटलं की त्यात ‘तुला एवढं पुरे’ असा सूर मिसळतो.

यावर कुणी म्हणेल, शब्दाचा एवढा कीस कशाला? पावसात न गळणारं छप्पर मिळालं, अनेकदा बाईच्या नावावर मिळालं, हे महत्त्वाचं. ते खरंच आहे. छप्पर आणि शब्द यांत निवड करायची वेळ आली तर छप्परच घ्यावं. पण शब्द बदलायला पैसा लागत नाही, त्यामुळे ही निवड करण्याची वेळच येत नाही. मंजुरीच्या कागदावर साधं ‘घर’ लिहावं. त्याला लाडानं घरकुल म्हणायचं की नाही, ते आत राहणाऱ्यांनी ठरवावं.