अधिकार आधी की अभ्यास आधी?

ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायात अपशूद्राधिकरण येतं. शूद्राला ब्रह्मविद्येचा अधिकार आहे का, हा त्यातला प्रश्न. शंकराचार्य नाही म्हणतात, पण बघण्यासारखी आहे ती त्यांची साखळी: विद्येला वेदाध्ययन हवं, अध्ययनाला उपनयन, आणि उपनयन पहिल्या तीन वर्णांनाच. नुसती इच्छा पुरत नाही, सामर्थ्य लागतं; तेही लौकिक नव्हे, शास्त्रीय. ज्याला शिकू दिलं नाही, त्याचं न शिकणं हीच त्याची अपात्रता ठरते. हीच साखळी आज संगणकशास्त्राच्या शिक्षणातही दिसते. तिथे असली मनाई कुठे आहे, असं कुणी विचारील. लिखित मनाई नाहीच. पण पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ साली संगणकशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेणाऱ्यांत मुली ७ टक्के होत्या. जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर या संशोधकांनी तिथल्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा घरचा संगणक बऱ्याचदा भावाच्या खोलीत असल्याचं कळलं. त्या खोलीत झालेल्या सरावाला प्रवेशाच्या वेळी गुणवत्ता म्हणून वजन मिळत होतं. विद्यापीठाने ते वजन कमी केलं, नवख्यांसाठी अभ्यासाच्या वेगळ्या वाटा ठेवल्या. २००० साली मुलींचं प्रमाण ४२ टक्क्यांवर गेलं.

अशा बदलांनी दर्जा घसरतो, हा आक्षेप गंभीर आहे, कारण लौकिक विद्येत सामर्थ्य लागतंच. मात्र ते सरावाने येतं, आणि सराव उशिरा सुरू झाला म्हणून कुवत कमी ठरत नाही. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजने संगणकशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमाचे अनुभवी आणि नवखे असे वर्ग वेगळे केले. वर्गात सतत आपलं ज्ञान पाजळणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक बाजूला घेऊन सांगत, तुझ्याशी बोलायला आवडतं, पण ही चर्चा आपण दोघंच नंतर करू. साधीच गोष्ट, पण बाकीचे स्वतःला मठ्ठ समजायचं थांबवतात. तो अभ्यासक्रमही नव्याने आखला गेला, आणि काही वर्षांत संगणकशास्त्राच्या पदवीत मुलींचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून ४० च्या आसपास गेलं.

उरतो शेवटचा आक्षेप: ज्यांना आवडच नाही, त्यांना कशाला ओढायचं? ओढू नयेच. पण कार्नेगी मेलनच्या मुलाखतींत अनेकींचा आधी आत्मविश्वास ढासळला, आवड त्यानंतर ओसरली. त्यामुळे ‘त्यांनाच नको आहे’ हे उत्तर मान्य करण्याआधी ते पहिल्या आठवड्यात मिळालं की दुसऱ्या वर्षी, हे विचारावं लागतं.